धूर, अग्नी आणि गुडघा: एमआरआय काय दाखवतो आणि आपण त्यातून काय समजतो

(मालवण येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचे वळण शक्यतो तसेच ठेवले आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



विषय वाचून काही जणांनी मला बाहेरच विचारलं, तत्त्वज्ञानाचा मास्तर गुडघ्यावर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. आज मी कोणाचं निदान करणार नाही आणि कोणाला औषधही सांगणार नाही. पण एखादी गोष्ट आपल्याला 'कळली' असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, हा माझा आयुष्यभराचा विषय. एमआरआयचा रिपोर्ट हातात पडतो तेव्हा नेमका हाच प्रश्न उभा राहतो. आणि तो वर्गातला प्रश्न राहत नाही, कारण त्याच्या उत्तरावर माणसाची मजुरी, त्याची शस्त्रक्रिया आणि कधी कधी त्याचा धंदाच अवलंबून असतो.

समजा, पंचावन्न वर्षांचा एक रापणकर आहे. दोन महिने उजवा खांदा दुखतोय. कोणीतरी म्हणालं, एमआरआय काढून घे. आपल्याकडची माणसं मोठ्या तपासण्यांसाठी घाट चढून कोल्हापूरला जातात, नाहीतर सीमा ओलांडून गोव्यात बांबोळीला. हाही गेला. काही हजार रुपये गेले, दोन दिवसांची मजुरी बुडाली. रिपोर्टात लिहून आलं की खांद्याचा एक स्नायुबंध थोडा फाटला आहे. त्या दिवसापासून हा माणूस हात जपायला लागतो. दोर ओढायचा सोडतो. चार महिन्यांनी खांदा आखडतो आणि तो म्हणतो, 'बघा, फाटलंच होतं ना.' यात रिपोर्ट खोटा नव्हता. मग चुकलं कुठे? आजचं व्याख्यान एवढ्या एका प्रश्नावर आहे.

आपल्या किनाऱ्यावरची दुखणी

आधी आपल्या भागातली दुखणी पाहू. रापण ओढणाऱ्याचे, वल्हं मारणाऱ्याचे खांदे. माडावर चढणाऱ्याचे गुडघे आणि मनगटं, आणि पडला तर टाच आणि कणा. चिरेखाणीवर जांभा उचलणाऱ्याचे कोपर. लावणीत दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईचे गुडघे. बाजारात सहा तास उकिडवी बसणाऱ्या मासेविक्रेतीचेही गुडघेच. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून घसरून, हात टेकून पडलेल्या माणसाचं मनगट. कबड्डी खेळणाऱ्या पोराचा पाय रोवलेला राहतो, अंग वळतं आणि आत 'टक्' होतं.

यातली काही दुखणी एका क्षणात होतात, काही वीस वर्षांत. हा फरक लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

तीन यंत्रं, तीन प्रकारचं पाहणं

एक्स-रे १८९५ पासून आहे. तो हाड दाखवतो. मोडलेलं हाड, निखळलेला सांधा, झिजून अरुंद झालेली सांध्यातली फट त्यात दिसते. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, स्नायुबंध म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली चंद्रकोरीसारखी गादी. यातलं काहीही एक्स-रेला दिसत नाही.

सोनोग्राफी आवाजाच्या लहरींनी पाहते. खांद्याचे स्नायुबंध, घोट्यामागची जाड शीर, सांध्यात साठलेलं पाणी अशा वरवरच्या गोष्टी चांगल्या दिसतात, आणि हात हलवत असतानाही पाहता येतं. पण हाडाच्या आत किंवा सांध्याच्या पोटात ती जाऊ शकत नाही.

तिसरा एमआरआय. तो पाहतो पाणी आणि चरबी. अधिक नेमकं सांगायचं तर त्यांच्यातला हायड्रोजन.

यंत्राच्या आत काय घडतं

होड्यांवर होकायंत्र असायचं, ते तुम्हाला माहीत आहे. हायड्रोजनच्या प्रत्येक अणूचं केंद्र हे एक अतिसूक्ष्म होकायंत्र समजा. एरवी शरीरातली ही कोट्यवधी होकायंत्रं वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. नेहमीच्या एमआरआय यंत्राचं चुंबक १.५ टेस्ला शक्तीचं असतं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. त्यात आपण आडवे झालो की त्यांतल्या काहींचा कल चुंबकाच्या दिशेला होतो. सगळ्यांचा नाही हं. दहा लाखांमागे जेमतेम पाचेकांचं आधिक्य. पण शरीरात पाणीच इतकं आहे की तेवढं पुरतं.

ही केंद्रं भोवऱ्यासारखी डुलत फिरतात, तीही एका ठरलेल्या गतीनं. १.५ टेस्लाला सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा. म्हणजे ६४ मेगाहर्ट्झ, आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या थोडं खाली. त्याच तालाची रेडिओलहर आत सोडली की ती केंद्रं कलतात. झोपाळ्याला त्याच्या तालात धक्का दिला तरच तो वर जातो, तसं. लहर थांबवली की ती पुन्हा जागेवर येतात आणि येताना स्वतः क्षीण रेडिओसंदेश देतात. यंत्र तो ऐकतं. आत जी ठकठक, धडधड ऐकू येते, ती संदेश कुठल्या जागेवरून आला हे कळण्यासाठी चुंबकत्वात क्षणोक्षणी बदल करणाऱ्या तारांच्या वेटोळ्यांची.

या तत्त्वाचा शोध १९४६ मध्ये फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी वेगवेगळा लावला आणि १९५२ चं भौतिकीचं नोबेल दोघांना मिळालं. त्यातून चित्र काढता येईल हे पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये दाखवलं, आणि २००३ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळालं. यात क्ष-किरण नाहीत. अणुकेंद्राचा संबंध असला तरी किरणोत्सर्ग नाही.

फाटलेलं कसं दिसतं

आता खरी गंमत. निरोगी लिगामेंट, स्नायुबंध, मेनिस्कस हे सगळे एमआरआयमध्ये काळे दिसतात. त्यांच्यात पाणी असतं, पण ते कोलॅजनच्या घट्ट तंतूंमध्ये इतकं जखडलेलं असतं की त्याचा संदेश यंत्रानं ऐकण्याआधीच विरून जातो. मोकळं पाणी मात्र, सांध्यातलं असो की सुजेचं, काही चित्रांमध्ये पांढरंशुभ्र दिसतं.

मेनिस्कस फाटला की त्या काळ्या चंद्रकोरीत एक पांढरी रेघ येते आणि ती कडेपर्यंत पोचते. लिगामेंट तुटलं की काळ्या पट्ट्याच्या जागी करडा-पांढरा गोंधळ दिसतो. हाड आतून ठेचलं गेलं की मगजात सूज येते आणि ती उजळ दिसते, एक्स-रे स्वच्छ असला तरी.

म्हणजे यंत्र 'फाट' पाहत नाही. जिथे काळं असायला हवं तिथे आलेलं पांढरं ते पाहतं, आणि त्यावरून 'फाटलं आहे' हे रेडिओलॉजिस्ट ठरवतो. आपण म्हणतो, 'एमआरआयमध्ये प्रत्यक्ष दिसलं.' न्यायशास्त्राच्या भाषेत ते प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे.

धूर आणि अग्नी

तर्कसंग्रह शिकलेल्या प्रत्येकाला डोंगरावरचा धूर आठवेल. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान टिकतं, कारण जिथे धूर तिथे अग्नी, याला अपवाद नाही. या अपवाद नसलेल्या संबंधाला व्याप्ती म्हणतात. पण नैयायिकांनी तिथेच दोन सावधगिऱ्या सांगून ठेवल्या आहेत, आणि त्या दोन्ही एमआरआयला चपखल लागू पडतात.

पहिली: जो धूर वाटतो तो धूरच आहे ना? आपल्याकडे पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्याला ढग लागतो, तो लांबून धुरासारखाच दिसतो. एमआरआयमध्येही असं धुकं असतं. खांद्याचा स्नायुबंध वळसा घेऊन हाडाला चिकटतो. जिथे त्याचे तंतू चुंबकाच्या दिशेशी साधारण ५५ अंशांचा कोन करतात, तिथे तो निरोगी असूनही काही चित्रांमध्ये उजळ दिसतो. याला मॅजिक अँगल म्हणतात. रुग्ण जरा हलला तरी चित्रात खोट्या रेघा उमटतात. जाणता रेडिओलॉजिस्ट दुसऱ्या प्रकारच्या चित्रात तीच जागा तपासून धूर की धुकं ते ठरवतो. हे काम त्याचं, आणि ते तो करतो.

दुसरी सावधगिरी आपल्यासाठी आहे. धुरावरून अग्नी सिद्ध होतो, पण अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही. शास्त्रातलं उदाहरण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचं. त्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीतून धूर निघायला आणखी काहीतरी लागतं: ओलं लाकूड. या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. ती विसरून केलेलं अनुमान म्हणजे हेत्वाभास, दिसायला तर्क पण आतून पोकळ.

आता 'अग्नी'च्या जागी फाट ठेवा आणि 'धुरा'च्या जागी दुखणं. 'मेनिस्कस फाटलेला आहे, म्हणून गुडघा दुखतो आहे.' हे अनुमान पक्कं आहे का?

लोखंडाचे तापलेले गोळे

ते मोजून पाहिलं गेलं आहे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावी पन्नास ते नव्वद वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले. ही माणसं गुडघा दुखतो म्हणून निवडलेली नव्हती, गावातून सरसकट घेतलेली होती. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. सुमारे ३५ टक्के लोकांच्या मेनिस्कसमध्ये फाट किंवा नाश आढळला. सत्तरीपुढच्या पुरुषांत तर निम्म्याहून जास्त. आणि ज्यांच्यात फाट होती त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्याभरात गुडघ्याचं दुखणं, ठणका, आखडणं यातलं काहीच नव्हतं.

खांद्याचंही तसंच. १९९५ च्या एका अभ्यासात खांद्याची कसलीच तक्रार नसलेल्या ९६ जणांचे एमआरआय पाहिले. एकतृतीयांश लोकांच्या खांद्यात स्नायुबंध कमी-अधिक फाटलेला होता. साठीपुढच्या लोकांत हे प्रमाण ५४ टक्के होतं. हात वर जातोय, काम चाललंय, झोप लागतेय. अग्नी आहे, धूर नाही.

मग उपाधी कोणती? ओलं लाकूड कोणतं? सांध्यातली सूज, झिजेचा संधिवात, एकदम वाढलेला भार, मांडीच्या किंवा खांद्याच्या स्नायूंचा अशक्तपणा. आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर शस्त्रक्रियेशिवाय उपाय करता येतो.

तोही प्रयोग झाला. फिनलंडमध्ये झिजेमुळे मेनिस्कस फाटलेले, पण संधिवात नसलेले १४६ रुग्ण घेतले. निम्म्यांचा फाटलेला भाग दुर्बिणीनं काढला, निम्म्यांना फक्त शस्त्रक्रियेचा देखावा केला. कोणाचं काय झालं हे रुग्णाला ठाऊक नव्हतं. २०१३ मध्ये निकाल आला. वर्षभरानंतर दोन्ही गटांचे गुडघे जवळजवळ सारखेच सुधारले होते.

यातून 'शस्त्रक्रिया वाईट' असा अर्थ काढू नका. तोही हेत्वाभासच होईल. हा प्रयोग हळूहळू झिजून फाटलेल्या गुडघ्यांचा होता. कबड्डीच्या मैदानावर एका क्षणात जे होतं, ते वेगळं.

मग एमआरआय केव्हा?

डॉक्टरच्या मनात दोन शक्यता आहेत, दोन्हींचा उपचार वेगळा आहे, आणि हातांनी तपासून निवाडा होत नाही. एमआरआयची खरी किंमत तेव्हा. माझ्या डॉक्टर मित्रांशी बोलून आणि वाचून जी उदाहरणं मला पटली, ती सांगतो.

गुडघा: खेळताना पाय वळला, टक् झालं, दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजला, आणि नंतर वळताना पाय निसटल्यासारखा वाटतो. अशा वेळी आतलं क्रूसासारखं लिगामेंट, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, ते तुटल्याची शंका असते. गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून पाहायची लॅकमन नावाची तपासणी आहे. अनुभवी हातांना त्यातून बरंच कळतं. सोबत मेनिस्कसचं काय झालं हे एमआरआय सांगतो. आणि गुडघा अडकला, सरळच होत नाही, तर उशीर करू नये. फाटलेला तुकडा मध्ये आडवा आलेला असू शकतो.

खांदा: एक साधी कसोटी ऐका. स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्यानं उचलला तर सहज वर जातो, आणि हे पडल्यानंतर अचानक झालं. इथे स्नायुबंध पूर्ण तुटल्याची शंका घ्यायला हवी आणि लवकर तपासायला हवं, कारण महिने गेले की स्नायू आक्रसतो आणि जोडणं अवघड होतं. उलट, दुसऱ्यानं उचलला तरी हात अडतो, बाहेरच्या बाजूला वळतच नाही, तर तो बहुधा आखडलेला खांदा. मधुमेह्यांत तो जास्त दिसतो. त्याचं निदान हातांनी होतं. झीज नाही ना, एवढं पाहायला एक्स-रे पुरतो.

मनगट: घसरून तळहातावर पडलात, अंगठ्याच्या मुळाशी जी खोलगट जागा आहे तिथे दाबल्यावर दुखतं, आणि एक्स-रे स्वच्छ आहे. म्हणून 'मुरगळलंय' म्हणत तेल चोळत बसू नका. तिथे स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड आहे. त्याची चीर पहिल्या एक्स-रेत लपू शकते, आणि त्याला रक्त एका टोकाकडून मिळत असल्यामुळे दुसरं टोक मरू शकतं. एमआरआय ही चीर लगेच दाखवतो. तो लांब असेल, तर हात प्लास्टरमध्ये ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढणं हा जुना आणि चांगला मार्ग आहे.

खुबा: घरातली वृद्ध बाई अंगणात पडली, पायावर भार टाकता येत नाही, एक्स-रेत काही दिसत नाही. 'काही नाही' म्हणून सोडू नका. खुब्याची न दिसणारी चीर एमआरआय दाखवतो, आणि ती वेळेत कळणं म्हणजे ती बाई पुन्हा चालणं.

घोटा: इथे उलट सांगतो. साध्या मुरगळण्याला एमआरआय लागत नाहीच, पुष्कळदा एक्स-रेही लागत नाही. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये नियम मांडले. चार पावलं टाकता येतात, आणि घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडेला किंवा पावलाच्या ठरावीक दोन हाडांवर दाबून दुखत नाही, तर मोड असण्याची शक्यता फार कमी.

चिठ्ठीत प्रश्न असू द्या

एवढं ऐकून घरी काय न्यायचं? एमआरआयला जाताना डॉक्टरच्या चिठ्ठीवर नुसतं 'उजवा गुडघा' असेल, तर विचारा: 'डॉक्टर, तुम्हाला यातून काय कळायला हवं आहे? आणि उत्तर हो आलं किंवा नाही आलं, तर पुढे काय बदलेल?' काहीच बदलणार नसेल, आधी सहा आठवडे व्यायामच करायचा असेल, तर मग आधी व्यायाम करू. डॉक्टर यावर रागावत नाहीत. चांगल्या डॉक्टरला प्रश्न आवडतो. रेडिओलॉजिस्टलाही सांगा, केव्हा लागलं, कसं लागलं, बोट ठेवून नेमकं कुठे दुखतं. धूर कुठल्या डोंगरावर शोधायचा हे त्याला कळू द्या.

आणि रिपोर्ट आला की त्यातले सगळे शब्द स्वतःवर ओढून घेऊ नका. साठीच्या माणसाच्या रिपोर्टात झीज, फाट, पाणी हे शब्द येणारच, जसे चेहऱ्यावर सुरकुत्या आणि डोक्यावर पांढरे केस. आपल्या रापणकराला रिपोर्ट देताना कोणी एवढंच सांगितलं असतं की, 'बाबा, तुझ्या वयाच्या न दुखणाऱ्या खांद्यांतही हे दिसतं, हात हलता ठेव, हळूहळू ताकद वाढव,' तर त्याचा खांदा कदाचित आखडला नसता.

आता प्रश्न घेऊ.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सर, माज्या पायात अपघातानंतर सळी घातलेली आसा. माजो एमआरआय होतलो काय?

उत्तर: बहुतेक होतलो. हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या सळ्या आणि प्लेटा चुंबकाकडे ओढल्या जात नाहीत. त्या जागेजवळचं चित्र मात्र बिघडतं. पण सांगायचं न चुकता. शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्यायचे. पेसमेकर, मेंदूतली जुनी क्लिप, कानातलं यंत्र हे आधी सांगायलाच हवं. आणखी एक, इथे होड्यांची कामं करणारे, ग्राइंडर-वेल्डिंग करणारे बसलेले आहेत. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर तोही सांगा. तो कण चुंबकात हलला तर डोळा जाऊ शकतो.

प्रश्न: सोबतच्या माणसाला आत जाता येतं का?

उत्तर: तिथले कर्मचारी सांगतील तेव्हाच, आणि अंगावर धातू न ठेवता. ते चुंबक चोवीस तास चालू असतं, तपासणी नसतानाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत एका रुग्णालयात रुग्णाचा तरुण नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकानं सिलिंडरसकट त्याला ओढलं आणि तो दगावला. बाहेर लावलेली पाटी शोभेसाठी नसते.

प्रश्न: बंद जागेत जीव गुदमरतो. काय करावं?

उत्तर: आधीच सांगा. गुडघा किंवा घोटा असेल तर पाय आधी आत जातात आणि डोकं बहुधा बाहेर किंवा तोंडाशी राहतं. खांद्याला मात्र आत जावं लागतं. वीस ते चाळीस मिनिटं लागतात. हातात एक रबरी फुगा देतात. तो दाबला की माणूस लगेच येतो. डोळे आत जायच्या आधीच मिटा, आत गेल्यावर नको. आणि हलू नका. हललात तर धुकं, आणि मग पुन्हा सगळं पहिल्यापासून.